पट्टा नवा, टेन्शनर जुना

नमस्कार श्रोतेहो. गाडीचं बॉनेट तुम्ही कितीदा तरी उघडलं असेल, पण टायमिंग बेल्ट बघितलाय का? नसेलच. तो प्लास्टिकच्या कव्हराआड असतो, आणि तुटेपर्यंत त्याची आठवण कुणाला होत नाही.

त्याचं काम सांगतो. इंजिनात खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टनला (दट्ट्याला) जोडलेला दांडा. वर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा दांडा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, एका दाताचाही फरक चालत नाही. हा मेळ राखतो दातेरी पट्टा. गाडी तीन हजार आरपीएमवर, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चाललीय तर कॅम सेकंदाला 25 वेळा फिरतोय आणि प्रत्येक व्हॉल्व्ह तितक्याच वेळा उघडून मिटतोय. पिस्टन अगदी वर येईपर्यंत व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेला असतो. डिझेल इंजिनात तर दोघांमध्ये जागा अगदी नावापुरती. पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि अशा इंजिनात पिस्टन त्यांच्यावर आदळतो.

पूर्वी या कामाला बहुतेक साखळी असायची, ॲम्बॅसेडरला होती, पद्मिनीलाही. रबरी पट्टा विक्रीच्या मोटारीत आणला जर्मनीतल्या ग्लास (Glas) नावाच्या मोटार कंपनीने, 1962 साली. हलका, कमी आवाजाचा, स्वस्त. आपल्याकडे मारुती 800 मुळे तो घरोघरी पोचला. आज पुष्कळ गाड्यांत पुन्हा साखळी आलीय. तुमच्या गाडीत काय आहे, ते मॅन्युअलमध्ये बघा. शेजाऱ्याला विचारू नका, त्याची गाडी वेगळी असते.

आता माझीच एक चूक सांगतो. एका गिऱ्हाइकाची डिझेल गाडी पट्टा बदलायला आली. मी म्हटलं, टेन्शनर, म्हणजे पट्ट्याला ताण देणारी पुली, तीही बदलू. तो म्हणाला, "मिस्त्री, ती पुली कशाला? चांगली फिरतीय की!" मी बोटाने फिरवून बघितली. फिरत होती. मान डोलावली आणि जुनीच ठेवली.

पुढे काही महिन्यांनी साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडली. टोचन लावून आणली. चावी फिरवली तर स्टार्टर हलका, भरभर फिरला. तो आवाज ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. इंजिन इतकं सहज फिरतं, म्हणजे आत कॉम्प्रेशन, हवेचा दाबच उरलेला नाही. कव्हर काढलं. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालेलं, पुली तिरकी, आणि पट्टा एका कडेने सोलून निघालेला. पट्टा बिचारा नवाच होता. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग उतरवला, वाकलेले व्हॉल्व्ह काढले. टेन्शनरचे वाचवलेले पैसे त्या बिलापुढे चिल्लर होते. मजुरी मी घेतली नाही, पण त्याने काय होतंय.

टेन्शनरचं काम पट्ट्याचा ताण नेमका ठेवणं. ताण कमी पडला तर पट्टा दात सोडतो, जास्त झाला तर कण्हल्यासारखा आवाज येतो आणि बेअरिंग लवकर जातं. ते बेअरिंगही पट्ट्याइतकंच पळालेलं असतं. बोटाने फिरवून त्याचं पुढचं आयुष्य कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून पट्टा, टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला वाट देणारी पुली) सगळं एकदम बदला. वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, कारण त्याच्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. आणि क्रँक किंवा कॅमच्या सीलमधून तेल झिरपत असेल, तर आधी ते थांबवा. तेल लागलेलं रबर फुगतं, मऊ पडतं.

मिस्त्री काम करत असेल तेव्हा जवळ उभे राहा. मार्किंग जुळवून पट्टा चढवला, ताण दिला, की क्रँक हाताने, पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. मध्ये कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. यात कुणी घाई करून थेट स्टार्टर मारायला निघाला, तर त्याचा हात धरा.

बदलायचा कधी? मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. गाडी वर्षाला चारच हजार चालते म्हणून पट्टा ताजा राहत नाही, रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. जुनी गाडी घेतलीत आणि पट्टा बदलल्याचं बिल मिळालं नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजा.

तो जाम झालेला टेन्शनर अजून माझ्या गॅरेजातल्या फळीवर आहे. कुणी म्हणालं, "पुली राहू द्या की," तर मी काही बोलत नाही. तो काढून हातात देतो.