बाटली भरा, मग विमान

श्रोतेहो, नमस्कार. फौजेतला डॉक्टर शिपायाचं व्यसन ओळखतो कसा, हा आजचा विषय. त्यासाठी आधी व्हिएतनामला जाऊ. साल १९७१.

अमेरिकन शिपायांना तिथे हेरॉइन स्वस्तात मिळे, आणि इतकं शुद्ध की टोचून घ्यायची गरजच नसे. सिगारेटमधली थोडी तंबाखू झटकायची, पूड भरायची, ओढायची. अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य पाहणी करून परतले आणि म्हणाले, शंभरातले दहा ते पंधरा शिपाई याच्या आहारी गेलेत. झालं, वॉशिंग्टनमध्ये धावपळ! राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जेरोम जॅफी या मानसोपचारतज्ज्ञांवर काम सोपवलं. उपाय ठरला तो असा: घरी जायचंय? आधी बाटलीत लघवी द्या. अहवाल स्वच्छ असेल तरच विमान. मोहिमेला नाव पडलं ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’.

आता यातली मेख ऐका. परतीची तारीख प्रत्येकाला पाठ. तपासणी होणार, हेही सगळ्यांना ठाऊक. हेरॉइनचा अंश लघवीतून साधारण दोन-तीन दिवसांत जातो. म्हणजे जो चार दिवस हात आवरेल तो सुटला. मग अडकणार कोण? घराची ओढ असूनही ज्याला चार दिवस थांबता येत नाही, तो. पुन्हा सांगतो, ‘घेतलंस का’ हा प्रश्नच नव्हता. ‘थांबता येतं का’ हा होता. आणि अडकलेल्यावर कोर्ट मार्शल नाही. आठवडाभर तिथेच उपचार, मग घर.

पुढे ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्या सप्टेंबरात परतलेल्यांचा माग काढला. तपासणीत अडकले होते साधारण दहा टक्के. पण ‘तिकडे असताना सुटत नव्हतं’ अशी कबुली दिली सुमारे वीस टक्क्यांनी. आणि त्या वीस टक्क्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास. बाईंच्या आकड्यांवर कितीतरी दिवस कुणी विश्वास ठेवेना.

असो, वेळ संपत आली. आजची अमेरिकी पद्धत झटपट सांगतो. वार्षिक तपासणीत दारूबद्दल तीन प्रश्न: किती वेळा पिता, एका बैठकीत किती, आणि सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. पुरुषाचे चार, बाईचे तीन झाले की डॉक्टर खोलात शिरतो. आठ किंवा जास्त झाले, तर सहसा व्यसनाच्या तज्ज्ञाकडे.

घोळ होतो तो मापात. त्यांचं एक ड्रिंक म्हणजे चौदा ग्रॅम अल्कोहोल, व्हिस्कीचे ४४ मिलीलीटर. आपला मोठा पेग साठचा. ‘दोनच घेतले’ म्हणणाऱ्याचे जवळपास तीन झालेले असतात. (सुट्टीवर आलेल्या जवानाला उंबऱ्यातच ‘कँटीनची आणलीस का?’ विचारणाऱ्या पाहुण्यांना चहासुद्धा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.)

प्रश्नांना थाप मारली तरी शरीर बोलतं. पाय मोडून दाखल झालेला शिपाई. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. तिसऱ्या दिवशी चादरीवर किडे दिसू लागतात. अशा वेळी डॉक्टर हाड बाजूला ठेवून शेवटचा पेग कधी घेतला ते विचारतो. म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका, जिवावर बेतू शकतं. दवाखान्यात तोडा.

उपचाराला पाठवण्याचं म्हणाल तर, अमेरिकी भूदलात २०१९ पासून काही प्रकार घडायच्या आधी जो आपणहून येतो, त्याचे दारूवरचे उपचार सहसा वरिष्ठाला न कळवता सुरू होतात. गाडी ठोकल्यावर आला, तर वरिष्ठाला सगळं कळतं.

आणि लघवीची तपासणी आजही आहे, समोर माणूस उभा करून. तिच्यात एक खोट आहे, ती मात्र आपल्या डब्यातली. खसखस! तिच्यामुळे लघवीत कोडीन आणि मॉर्फीन ही अफूतली द्रव्यं उतरू शकतात. २०२३ साली अमेरिकी संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायलाच सांगितलं. तेव्हा तिकडच्या फौजेत कुणी नातलग असेल, तर यंदा अनारसे पाठवू नका. चकली पाठवा.