रविवारचा एक बूट

नमस्कार श्रोतेहो.

घरात लहान मुलं आहेत आणि दर रविवारी चर्चला जायचं असतं, अशा घरांना मी जे सांगणार ते नवीन नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या घरात आठवड्यातलं सगळ्यात मोठं भांडण रविवारी सकाळी होतं, उपासनेच्या आधीच्या तासाभरात. शाळेच्या दिवशी दप्तर रात्रीच भरलेलं असतं, गणवेश खुंटीवर असतो, सगळं घड्याळाबरोबर चालतं. रविवार सुट्टीसारखा उजाडतो, अंथरुणात लोळणं होतं, आणि मग एकदम कुणीतरी घड्याळाकडे बघतं.

मध्यंतरी एका रविवारी धाकट्याचा डावा बूट सापडेना. धाकटा चार वर्षांचा. पलंगाखाली पाहिलं, सोफ्यामागे पाहिलं, खेळण्यांची टोपली उलटी केली. उजवा बूट दारात शहाण्यासारखा उभा होता. हे किल्ली हातात घेऊन उंबऱ्यात, मोठी एका वेणीवर तशीच ताटकळत, आणि ज्याचा बूट तो जमिनीवर पालथा पडून रंगीत खडू एका रांगेत लावतोय. मी ओरडले. काय काय ओरडले ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की त्यात "देवाच्या घरी जायचंय आपल्याला!" हे वाक्य होतं आणि ते देवाला घरबसल्या ऐकू जाईल अशा आवाजात होतं. शेवटी धाकटा मोज्यांवर सँडल घालून निघाला. रस्त्यात कुणी कुणाशी बोललं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पहिलं गीत संपत आलं होतं. बाकावर सरकून बसतोय तोवर पापांगीकाराची प्रार्थना सुरू झाली. आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केले आहे, असं सगळी मंडळी एका सुरात म्हणते ती. 'शब्दाने' हा शब्द आला आणि माझ्या बरगडीत एक कोपर बसलं. मोठीचं. वय वर्षं सात. डोळे घट्ट मिटलेले, हात जोडलेले, आणि कोपर बरोबर जागेवर.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मुलांना श्रद्धा शिकवायची म्हणजे चांगल्या वेळी, चांगले कपडे घालून, शांत आवाजात शिकवायची, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. पण मुलं आपल्याला चोवीस तास ऐकतात. माझा बाकावरचा आवाज त्यांना ठाऊक आहे आणि बूट शोधतानाचाही. दोन्ही एकाच बाईचे आहेत की नाहीत, याचा हिशेब ती मनातल्या मनात घालत असतात. उपासना सुटल्यावर मी मोठीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "सकाळी माझं चुकलं." ती म्हणाली, "हो, मला कळलं होतं." विषय संपला. मोठ्या माणसांना लहानांसमोर 'चुकलं' म्हणणं फार जड जातं, पण ऐकणाऱ्याला ते अजिबात जड जात नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आता बाकाचंच बोलते. लहान मूल असलं की आपण मागचा बाक धरतो, रडलं तर पटकन बाहेर नेता येईल म्हणून. आम्हीही दोन वर्षं तेच केलं. मागच्या बाकावरून मुलाला काय दिसतं? पाठी. तासभर नुसत्या पाठी बघून मूल कंटाळणार नाही तर काय करेल? एकदा उशीर झाला आणि पुढेच जागा उरली होती म्हणून नाइलाजाने दुसऱ्या रांगेत बसलो. धाकटा अर्धा तास गप्प! पाळकसाहेबांचा झगा, मेणबत्त्या, पेटी वाजवणाऱ्याची बोटं, दानाची थैली कुठून निघते आणि कुठे जाते, सगळं तो बघत होता. तेव्हापासून आम्ही पुढे बसतो. रडला तर सगळ्यांच्या देखत बाहेर न्यावं लागतं, हे खरं. नेते.

काही जण वळून बघतात. त्यांच्यावर माझा राग नाही, शांत बसायला आलेली माणसं ती. पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय मी मनात ठेवते. लोक बाळकांना येशूकडे आणत होते आणि त्यांना दटावणारे कोण होते? शिष्य. परके नव्हेत, अगदी आतल्या वर्तुळातले. आणि येशू रागावला तो त्या बाळकांवर नाही.

पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला की मला युतुख आठवतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला हा तरुण. त्रोवस नावाच्या गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर दिव्यांची गर्दी, युतुख खिडकीत बसलेला. त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तो मेलेलाच. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं आणि म्हणाला, घाबरू नका, याच्यात जीव आहे. मग वर जाऊन पौल पुन्हा उजाडेपर्यंत बोलत बसला, ही गोष्ट वेगळी. ही कथा आमच्या मोठीची सगळ्यात आवडती. संदेश पंधरा मिनिटांच्या पुढे गेला, की ती खिडक्यांकडे बघायला लागते.

शब्बाथ शाळेबद्दल, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाबद्दल, थोडंच बोलते, कारण तिथे मुलं आपण होऊन धावतात. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स यांनी अशा शाळेला हातभार लावला, तेव्हा ती मुळात लिहायला-वाचायला शिकण्याची जागा होती. आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना तेवढाच एक दिवस मोकळा मिळायचा. हे मी मोठीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे रविवारीही शाळा? बिचारे!"

खरं घोडं अडतं ते घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपाशी. माझ्या माहेरी ती पाऊण तासाची असे. एक अख्खा अध्याय, दोन गीतं, आणि मग वडिलांची प्रार्थना, तिच्यात सगळे नातेवाईक एकेक करून येत. लग्नानंतर मी तसंच सुरू केलं आणि मुलं झाल्यावरही तसंच रेटलं. रोज कुणीतरी रडायचं, बहुतेक वेळा मी.

मग एकदा बायबलमधली शमुवेलाची गोष्ट वाचताना एका ओळीपाशी थांबले. हन्नाने आपला मुलगा शमुवेल मंदिरात सेवेला ठेवला होता, आणि वार्षिक यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी दर वर्षी एक लहानसा झगा शिवून नेत असे. दर वर्षी! म्हणजे ही बाई घरी बसून अंदाज घेत असणार, पोरगं आता केवढं झालं असेल, बाही किती हवी, खाली किती सोडू. गेल्या वर्षीचा झगा यंदा होत नाही हे आईला सांगावं लागत नाही. आणि मी? माझ्या वडिलांच्या मापाची प्रार्थना चार वर्षांच्या पोराला घालत होते, आणि त्याचा पाय त्यात अडकला की त्यालाच रागावत होते.

तेव्हा आम्ही कापड बेतलं. बायबलमधलं स्तोत्र 117 दोनच ओव्यांचं आहे. 131, 133 आणि 134 ही तीन-तीन ओव्यांची. स्तोत्र 23 सहा ओव्यांचं, ते आम्ही आठवडाभर पुरवतो, रोज एक ओवी, रविवारी सुट्टी. एकाच गीताचं एकच कडवं. मग येशूने शिकवलेली ती प्रभूची प्रार्थना आणि झोप. सात-आठ मिनिटांत आटोपतं. माझ्या आईला हे फार तोकडं वाटलं. पुढच्या वर्षी खाली थोडं सोडीन, असं मी तिला सांगितलं.

प्रभूची प्रार्थना मुलं कशी म्हणतात ते एकदा कान देऊन ऐका. मोठी पाच वर्षांची असताना "तुझे नाव पवित्रा मानले जावो" असं म्हणायची. तिच्या वर्गात पवित्रा नावाची मुलगी होती. देवाचंही तेच नाव असल्यामुळे आमच्या घरी त्या मुलीला बराच मान होता. आता ती दुसरीत आहे, आणि "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" ही ओळ इतक्या कळकळीने म्हणते, की घरातल्या कुणाचीच प्रार्थना तिच्या पासंगाला पुरत नाही. इथे परीक्षा म्हणजे मोह, असा अर्थ मी समजावून सांगायला गेले, तर हे म्हणाले, "राहू दे. एवढ्या मनापासून आपण कोणती ओळ म्हणतो?"

सुझाना वेस्ली यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मेथडिस्ट पंथाचा पाया घालणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या त्या आई. एकोणीस बाळंतपणं, त्यातली कितीतरी बाळं तान्हेपणीच गेली. एवढ्या भरल्या घरात त्यांनी आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाला वाटून दिली होती, नुसतं त्याच्याशी बोलायला. जॉनच्या वाट्याला गुरुवार होता. तो मोठा होऊन घराबाहेर पडल्यावर त्याने आईला पत्रात त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडासा वेळ पुन्हा मागितला. मोठ्या झालेल्या मुलाला आईच्या सगळ्या शिकवणीतून नेमका तो वार आठवत होता.

आमची दोनच मुलं, तरी मला रोज जमत नाही. मंगळवार मोठीचा, शुक्रवार धाकट्याचा. मंगळवारी मोठी शाळेतल्या भानगडी सांगते. शुक्रवारी धाकटा बहुतेक वेळ डायनासोरबद्दल बोलतो आणि मी ऐकते. त्यात देवाचा विषय मी मुद्दाम काढत नाही. एकदा त्यानेच काढला, देवाने डायनासोर परत का नाही बनवले म्हणून. मला उत्तर आलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

एकदा उपासनेनंतर तो हरवलाही. मला वाटलं यांच्याजवळ आहे, यांना वाटलं माझ्याजवळ. फाटकापर्यंत आलो तेव्हा कळलं दोघांकडेही नाही. येशू बारा वर्षांचा असताना मरीया आणि योसेफ यांचं हेच झालं होतं. सोबतच्या लोकांत असेल असं समजून ते दिवसभराची वाट चालून गेले, आणि तो सापडला तीन दिवसांनी, मंदिरात, गुरुजनांमध्ये बसलेला. आमचा दहा मिनिटांत सापडला. रिकाम्या चर्चमध्ये, पहिल्या बाकाखाली, लोकांनी टाकून दिलेले उपासनेचे कागद गोळा करत. मरीयेने मुलाला विचारलं होतं, तू आमच्याशी असा का वागलास? मीही विचारलं. तो म्हणाला, "इथे पसारा होता."

आणि तो बूट. त्या रविवारी रात्री तो धुवायच्या कपड्यांच्या ढिगात सापडला, आत दोन खडू होते. सोमवारी रात्री प्रार्थनेची पाळी धाकट्याची होती. गुडघे टेकून, एक डोळा उघडा ठेवून तो म्हणाला, "देवा, बूट सापडला, थँक्यू. ताईला परीक्षेत आणू नको. आणि आईचा आवाज थोडा कमी कर."

"आमेन," हे म्हणाले. गरजेपेक्षा जरा जोरातच.