आधी चिठ्ठ्या, मग कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की शाळेतल्या सर-मॅडमना आणि घरच्या पोट्ट्यांना एखादी छोटी वेबसाईट करून बघायची हुक्की येते, आणि पहिलं काम काय करतात तर रंग निवडतात. वर पळणारी अक्षरं टाकतात, मुख्याध्यापकांचा फोटो लावतात, अन् आत काय ठेवायचं याचा पत्ताच नसतो. म्हणून आज रंगाबिंगाचं बोलायचंच नाही, फक्त मांडणीचं बोलू.

विषय आपलाच घेऊ, नागपूरचे तलाव. सहावी-सातवीच्या मुलांसाठी साईट करायची आहे असं धरा. कॉम्प्युटर बंद ठेवा, जुन्या वहीची कोरी पानं फाडा आणि एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा: अंबाझरी, गोरेवाडा, सोनेगाव, फुटाळा, गांधीसागर, नाग नदी, पक्षी, गणपती विसर्जन, नळाला पाणी कुठून येतं, 23 सप्टेंबर 2023 चा पूर. वीस-तीस चिठ्ठ्या सहज होतात. मग त्या फरशीवर पसरा आणि गठ्ठे मुलांनाच लावू द्या, तुम्ही मध्ये हात घालू नका. कारण आपण मोठी माणसं प्रस्तावना, इतिहास, भूगोल, उपसंहार असले गठ्ठे लावतो, आपल्याला सवयच तशी. मुलं लावतात "घराजवळचा तलाव", "पाणी घाण काहून होते". एक चिठ्ठी म्हणजे साईटचं एक पान, अन् एक गठ्ठा म्हणजे मेनूतलं एक नाव. मेनूत मुलांचेच शब्द ठेवा, आणि पाच-सहाच्या वर ठेवू नका, लोक मोबाईलवर बघतात हो.

खरा घोळ होतो तो पुराच्या चिठ्ठीवर. त्या रात्री अंबाझरी ओसंडून वाहिला अन् नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, मग ही चिठ्ठी अंबाझरीच्या गठ्ठ्यात की नाग नदीच्या? यावर भांडणं होतात, होऊ द्या. पान एकच करायचं, ते एकाच गठ्ठ्यात ठेवायचं आणि लिंक मात्र दोन्हीकडून द्यायची. तेच पान कॉपी करून दोन जागी ठेवलं ना, की एकीकडे दुरुस्ती होते, दुसरीकडे राहून जाते, अन् पोरगं नेमकं चुकीचं उतरवून घेते. नावांचंही तेच. फुटाळा म्हणजेच तेलंगखेडी तलाव, गांधीसागर म्हणजेच शुक्रवारी तलाव, आजोबा एक म्हणतात, नात दुसरं. दोन पानं नकोत, पण दोन्ही नावं अगदी पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला कोणत्याही नावाने सापडेल.

आता फायलींची नावं, इथे जरा कान देऊन ऐका. मुखपानाच्या फाईलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल (index.html), कारण पत्त्यापुढे काही लिहिलं नसलं की सर्व्हर, म्हणजे साईट जिथे ठेवलेली असते तो नेटवरचा कॉम्प्युटर, बहुतेक तीच फाईल उघडतो. बाकी नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. घरच्या विंडोजला छोटं-मोठं अक्षर सारखंच वाटतं, पण बरेचसे सर्व्हर लिनक्सवर चालतात, ती विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, तिथे ती दोन वेगळी नावं धरली जातात, म्हणून घरी दिसणारा फोटो नेटवर चढवला की गायब. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये, आणि मोबाईलमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो लहान करूनच टाका. मजकूर मात्र मराठीतच, अन् युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीने. जुना मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर आधी बदलून घ्या, नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसता कचरा दिसतो, आणि सर्चमध्येही तो सापडत नाही.

कोड लिहायच्या आधी एक करा. गठ्ठ्यांची नावं तेवढी कागदावर लिहा, तो कागद शेजारच्या एखाद्या पोराच्या हातात द्या आणि विचारा, नाग नदी पुढे कन्हानला मिळते, हे तू कुठे शोधशील? बोट कुठे जातं ते गप बसून बघा, सांगू नका. दोन-तीन पोरं भलतीकडेच बोट दाखवत असतील तर नाव बदला, अजून सगळं कागदावरच आहे.