‘क्वीन फॉरएव्हर’: घ्यावा की नको?

(पडद्यावर: सत्तरच्या दशकातली क्वीनची छायाचित्रं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा. पार्श्वभूमीला फक्त पियानो.)

नोव्हेंबर २०१४. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी जाऊन २३ वर्षं होत आली होती. बास वाजवणाऱ्या जॉन डीकननं १९९७ नंतर संगीताकडे पाठ फिरवली होती. आणि अशा वेळी क्वीनच्या नावानं एक नवा संग्रह बाजारात आला. नाव ‘क्वीन फॉरएव्हर’. साध्या आवृत्तीत २० गाणी, दोन डिस्कच्या संचात ३६. त्यांतली नवी म्हणावीत अशी किती? तीन.

इथंच ठिणगी पडली. ज्यांच्या कपाटात क्वीनचे सगळे अल्बम होते, त्यांना वाटलं की तीन गाण्यांसाठी आपल्याकडून पुन्हा पैसे काढले जातायत. ज्यांना फक्त ‘वी विल रॉक यू’ आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ माहीत होती, त्यांना प्रश्न पडला की यातली निम्मी गाणी आहेत तरी कुठली? दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच हा वाद ऐकण्यासारखा आहे.

(पडद्यावर: कॅलिफोर्नियाचा नकाशा, एन्सिनोवर खूण.)

अपेक्षा एवढ्या का वाढल्या होत्या, ते आधी सांगायला हवं. १९८३ साली फ्रेडी मर्क्युरी आणि मायकेल जॅक्सन एकत्र गायले होते. लॉस एंजेलिसजवळ एन्सिनोला, जॅक्सनच्या घरातल्या स्टुडिओत. तीन गाण्यांवर काम झालं, पण तडीला एकही गेलं नाही. त्यातलं ‘स्टेट ऑफ शॉक’ पुढच्या वर्षी जॅक्सन बंधूंच्या अल्बमवर आलं, पण तिथं फ्रेडी नव्हताच, मिक जॅगर होता. क्वीनचे मॅनेजर जिम बीच एक किस्सा सांगायचे: मायकेल आपला पाळीव लामा (उंटाच्या कुळातला प्राणी) स्टुडिओत घेऊन यायचा, आणि शेवटी फ्रेडीनं त्यांना फोन करून इथून माझी सुटका करा म्हणून सांगितलं. मैत्री होती, आदर होता, पण वेळ जुळली नाही. त्या दिवसांच्या कच्च्या टेप चोरट्या नकलांमधून चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. खरखर ऐकायची आणि त्यामागचे दोन आवाज कल्पनेनं स्वच्छ करायचे, एवढंच हातात होतं.

म्हणून जेव्हा कळलं की त्या दोघांचं एक गाणं अधिकृतपणे येतंय, तेव्हा लोकांनी मनात आख्खा अल्बम रचला. हाती आलं एकच गाणं: ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’. त्याची पाळंमुळं क्वीनच्या ‘हॉट स्पेस’च्या काळातली. फ्रेडीनं ते १९८५ साली ‘मिस्टर बॅड गाय’ या स्वतःच्या अल्बमवर एकट्यानं गायलं होतं. २०१४ साली विल्यम ऑर्बिट या निर्मात्यानं क्वीनचं जुनं वादन आणि दोघांचे आवाज एकत्र आणले. मला विचाराल तर ते सुरेख आहे, पण जोडकाम कानाला जाणवतं. जॅक्सनचा आवाज वाटेची चाचपणी करतोय, फ्रेडी मात्र मुक्कामाला पोहोचलेला वाटतो. दोन मोठे गायक एकमेकांना अजून अजमावतायत, तो क्षण यात पकडला गेलाय. त्याची किंमत मी कमी मानत नाही.

दुसरं गाणं ‘लव्ह किल्स’. मूळ १९८४चं, जॉर्जिओ मोरोडरबरोबर केलेलं, ‘मेट्रोपोलिस’ या जुन्या मूकपटाच्या नव्या आवृत्तीसाठी. नाचायला लावणारं, यंत्रांच्या ठेक्यावरचं गाणं. २०१४ साली त्याच आवाजाखालचा ठेका काढून टाकला, लय संथ केली, ब्रायन मेची गिटार आणि रॉजर टेलरचे ड्रम्स आणले. तेच शब्द, तोच गळा, पण गाण्याचा स्वभाव पार वेगळा. इथं चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले, आणि माझ्या मते हा या सगळ्या वादातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. गाणारा हयात नसताना त्याच्या गाण्याचा भाव बदलायचा अधिकार कुणाला? बँडमधल्या सोबत्यांना तो आहे असं मानणारे १९९५च्या ‘मेड इन हेवन’कडे बोट दाखवतात. तो अख्खा अल्बम फ्रेडीच्या पश्चात असाच उभा राहिला होता. पण त्यातली काही गाणी फ्रेडी आजारपणात, ती पुढं पूर्ण केली जातील या भरवशावर गायला होता. ‘लव्ह किल्स’ मात्र त्यानं स्वतः पूर्ण केलं होतं, प्रसिद्ध केलं होतं, गाजवलं होतं. ऐकताना ही संथ आवृत्ती मला भिडते. तरीही मूळ गाण्याची जागा तिला देववत नाही.

तिसरं गाणं मात्र निखळ आनंदाचं. ‘लेट मी इन युअर हार्ट अगेन’. ब्रायन मेचं गाणं, १९८३ सालचं, ‘द वर्क्स’ अल्बमच्या वेळी लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित होऊन अर्धवट राहिलेलं. पुढं १९८८ साली अभिनेत्री अनिता डॉब्सननं ते आपल्या अल्बमसाठी गायलं. क्वीनचं स्वतःचं ध्वनिमुद्रण तोवर पेटीतच. २०१४ साली ब्रायन मे आणि टेलरनी फ्रेडीच्या वेगवेगळ्या टेकमधून सलग गायन जुळवलं, गिटार आणि साथीचे आवाज नव्यानं भरले. खाली डीकनचा बास. म्हणजे चौघंही हजर. वरच्या पट्टीत जाताना फ्रेडी आवाजावर जो जोर टाकतो, तो ऐकून अंगावर काटा येतो.

(पडद्यावर: ड्रम्सवर रॉजर टेलर, संगीत थांबतं.)

आता गंमत बघा. या संग्रहावर सगळ्यात कडक टीका कुणी केली? खुद्द रॉजर टेलरनं. त्यानं उघडपणे सांगितलं की याला मी अल्बम म्हणणार नाही, हे तीन नव्या गाण्यांचं संकलन आहे, रेकॉर्ड कंपनीनं जमवून आणलेलं. दोन डिस्कचा संच तर मला स्वतःलाही नको, फारच उदासवाणा आहे तो, असंही तो म्हणाला. बँडचा संस्थापक सदस्य असं म्हणाल्यावर नाराज चाहत्यांना आणखी काय हवं होतं? ‘बघा, आम्ही सांगतच होतो!’

टेलरबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या बाबतीत माझं मत त्याच्या विरुद्ध आहे, आणि त्याचं कारण पुन्हा टेलरच आहे.

(पडद्यावर: ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या कॅसेटचं मुखपृष्ठ. मग पाचगणीचं पठार, सेंट पीटर्स शाळेचा परिसर.)

१९८१ साली क्वीनचा पहिला मोठा संग्रह आला, ‘ग्रेटेस्ट हिट्स’. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम हाच. २०२२ साली तिथं त्यानं सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडेही कित्येकांची क्वीनशी पहिली ओळख याच संग्रहाच्या कॅसेटवर झाली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासन् तास घालवलेली पिढी अजून त्या दिवसांबद्दल बोलते. ते दुकान २०१६ साली बंद झालं. आणि फ्रेडी तर आपल्याला जवळचा. झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा, पारशी कुटुंबातला, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तिथल्या मुलांच्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो पियानोवर असायचा, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. साताऱ्याकडच्या माणसाला आजही याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा.

पण त्या १९८१च्या संग्रहात एक मोठी फट आहे. ब्रिटिश आवृत्तीत १७ गाणी. त्यात रॉजर टेलरनं लिहिलेलं गाणं शोधा. सापडणार नाही. संपूर्ण गाणं ब्रायन मे किंवा टेलरच्या आवाजात असं शोधा. तेही नाही. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’, जे दक्षिण अमेरिकेत हजारोंच्या गर्दीनं फ्रेडीच्या बरोबरीनं गायलं, तेसुद्धा नाही. हिट गाण्यांचा संग्रह म्हटल्यावर यात कुणाची चूक नाही. परिणाम मात्र असा झाला की जगभर लाखो लोकांच्या डोक्यात क्वीन म्हणजे फ्रेडी आणि त्याच्या मागं वाजवणारे तिघं, असं चित्र पक्कं बसलं. हा चार गीतकारांचा बँड होता. चौघांनीही हिट गाणी दिली. तिघं जण गायचे, आणि तिघांच्या आवाजांच्या थरांवरच क्वीनचा तो ओळखीचा कोरस उभा असायचा.

‘क्वीन फॉरएव्हर’नं ही फट थोडीफार बुजवली. त्यात ‘ड्राउज’ आहे. १९७६च्या ‘अ डे ॲट द रेसेस’मधलं टेलरचं गाणं, गायलंयही त्यानंच. सहा मात्रांचा झोका, आपल्या दादऱ्याच्या अंगानं जाणारा. त्यावर मेची स्लाइड गिटार लांब सूर ओढत राहते, आणि टेलरचा थोडा खरखरीत आवाज तरुणपणीच्या कंटाळवाण्या रविवारांबद्दल गातो. घाई कुठंच नाही. शेवटी शेवटी तो गाणं सोडून स्वतःशीच बडबडत असल्यासारखा वाटतो. क्वीनचं हे रूप ‘वी विल रॉक यू’वर टाळ्या पिटणाऱ्याला ठाऊकच नसतं.

त्याच अल्बममधलं ‘लाँग अवे’ही इथं आहे. ब्रायन मेनं लिहिलेलं आणि गायलेलं. वडिलांबरोबर घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ गिटार बाजूला ठेवून त्यानं यात बारा तारांची गिटार वाजवलीय. सुरुवातीची ती खळाळती तार ऐका आणि मग मेचा साधा, किंचित थकलेला आवाज. हे गाणं ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटी रेकॉर्ड म्हणून, कधी निघालंच नाही.

(काही सेकंद निवेदन नाही. बारा तारांच्या गिटारचे सूर.)

अर्थात, जुन्या चाहत्यांच्या आणखी एका आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. ‘नेव्हरमोअर’ घ्या. १९७४च्या ‘क्वीन टू’मधलं सव्वा मिनिटाचं पियानोवरचं गाणं. मूळ अल्बमवर ते सुटं येतच नाही. आधीचं ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ वेगात धावत येतं, आवाज एकमेकांवर रचले जातात, सगळं अचानक विरतं आणि त्या विरण्यातूनच ‘नेव्हरमोअर’चा पियानो उगवतो. ते संपतं न संपतं तोच ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ अंगावर येतं. त्या दोन वादळांच्या मधली शांतता हाच त्या सव्वा मिनिटाचा जीव. संग्रहात उचलून ठेवल्यावर ते एक गोड, छोटं गाणं उरतं. ‘लिली ऑफ द व्हॅली’चंही तसंच. ‘शीअर हार्ट अटॅक’वर ते तीन गाण्यांच्या सलग साखळीतलं शेवटचं, आणि साखळीची सुरुवात कुणाच्या गाण्यानं होते? टेलरच्याच ‘टेनेमेंट फनस्टर’नं.

ज्यानं हे सगळं मूळ क्रमानं वर्षानुवर्षं ऐकलंय, त्याला हा संग्रह ऐकताना ठेच लागणारच. त्याची चिडचिड पैशांची नाही. अल्बम ज्या क्रमानं रचला गेला, त्या रचनेला किंमत आहे की नाही, हा त्याचा सवाल आहे. माझं उत्तर: आहे, आणि फार मोठी आहे.

पण ज्यानं ‘क्वीन टू’चं नावही ऐकलेलं नाही, त्याच्या कानावर ‘नेव्हरमोअर’ कुठून पडणार होतं? २०१८च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या क्वीनवरच्या चित्रपटानंतर फ्रेडीच्या प्रेमात पडलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं मी पाहतो. त्यांना ‘लाइव्ह एड’ या १९८५च्या मदतनिधी मैफलीतला क्वीनचा प्रयोग हालचालींसकट पाठ असतो. त्यांतल्या एखाद्याला ‘ड्राउज’ ऐकवा. पहिला प्रश्न येतो, हे कोण गातंय? मग तो ‘अ डे ॲट द रेसेस’ शोधतो, आणि पुढची वाट त्याची तोच काढतो.

म्हणून घ्यावा की नको, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे. घ्यावा. पण ज्या तीन गाण्यांची जाहिरात झाली, त्यांच्यासाठी नव्हे. ज्यांची जाहिरात कुणीच केली नाही, त्या ‘ड्राउज’साठी, ‘लाँग अवे’साठी, आणि ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’साठीसुद्धा. तेही मुख्यतः टेलरचंच गाणं. १९९१च्या मे महिन्यात त्याचं चित्रण झालं, आणि कॅमेऱ्यासमोर फ्रेडी त्यानंतर कधी उभा राहिला नाही.

(पडद्यावर: टेपच्या रिळांनी भरलेल्या फडताळांची दृश्यं.)

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. २०२२ साली ‘फेस इट अलोन’ हे १९८८चं न ऐकलेलं गाणं बाहेर आलं. या वेळी ते कुठल्या संकलनात कोंबलं नाही. ते आलं ‘द मिरॅकल’च्या मोठ्या संचाबरोबर, ज्या अल्बमच्या वेळी ते जन्मलं त्याच्याच सोबत, त्या दिवसांतल्या कच्च्या टेप आणि स्टुडिओतल्या गप्पांसकट. वर्षानुवर्षं कुरकुर करणाऱ्या चाहत्यांना नेमकं हेच हवं होतं. ‘लेट मी इन युअर हार्ट अगेन’लाही तसंच ‘द वर्क्स’च्या गाण्यांच्या पंगतीत बसवावं, १९८३चे सगळे टेक आणि फ्रेडीच्या चुकलेल्या ओळींसकट. मे आणि टेलर, दोघंही अजून आहेत. हे काम त्यांच्या हातून व्हावं.