पोटरीतलं पाणी

(खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, एका मावशींनी चिठ्ठी पाठवली आहे. सेरोटोनिन, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, कमी झालं की नैराश्य येतं म्हणतात, मग मुलांना लहानपणीच गोळ्या देऊन ते वाढवून ठेवलं तर? प्रश्न काळजीपोटी आलाय, म्हणून उरलेला वेळ त्यालाच देतो.

सेरोटोनिन नुसतं असून भागत नाही. पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला ते चिकटतं, तो किती संवेदनशील आहे यावर बरंच ठरतं. रिसेप्टरही एका जातीचे नाहीत. त्यातला १-ए पेशीला शांत करतो, २-ए चेतवतो. ही संवेदनशीलता मोजतात कशी? १-ए जागवणारं औषध टोचलं की उंदराच्या अंगाचं तापमान उतरतं. २-ए जागवलं की तो डोकं झटकतो. किती अंश उतरलं, किती वेळा झटकलं, हे मोजत बसायचं. काम चिकाटीचं आहे.

आता भाताकडे या. पोटरीत आलेल्या भाताला पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोकळ राहतात, आणि मग कापणीच्या तोंडावर शेत तुडुंब भरलं तरी दाणा भरत नाही, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. मेंदूचीही अशी पोटरीची वेळ असते.

२००२ साली कोलंबिया विद्यापीठात रेने हेन यांच्या गटाने हे दाखवलं. १-ए रिसेप्टर जन्मतःच नसलेली उंदरं मोठेपणी भित्री निघतात. या गटाने काही उंदरांच्या पुढच्या मेंदूत तो पुन्हा बसवला, तोही हवा तेव्हा बंद करता येईल असा. लहानपणी तो मिळालेल्या उंदरांचा रिसेप्टर मोठेपणी बंद केला, तरी ती धीटच राहिली!

मग गोळीचं काय? फ्लुओक्सेटिन ही सेरोटोनिन वाढवणारी गोळी मोठ्या माणसाने काही आठवडे घेतली की सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरचे १-ए बोथट होतात, म्हणजे ब्रेक सैल होतो. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याचं हे एक कारण मानतात. पण २००४ च्या प्रयोगात हेच औषध उंदरांच्या पिल्लांना चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत दिलं, तर ती मोठेपणी बुजरी झाली. औषध तेच, परिणाम उलटा.

आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने पिल्लांना दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवलं. ती मोठी झाल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातले २ गटाचे, म्हणजे २-ए ज्यात मोडतो त्या गटाचे, रिसेप्टर जास्तच तिखट झालेले आढळले. त्याच दिवसांत ते रिसेप्टर औषधाने रोखले, तर पुढची चिंताग्रस्तता आलीच नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

तेव्हा मावशी, आजार नसताना आगाऊ गोळी नको. ज्या मुलाला डॉक्टरांनी तपासून ती दिली आहे, त्याची मात्र मनाने बंद करू नका. उंदराचे एकवीस दिवस म्हणजे माणसाची अमुक वर्षं, असा सरळ हिशेब बसत नाही.

आणि काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या आयांनी हे ऐकून जिवाला लावून घेऊ नये. प्रयोगातल्या पिल्लांना त्या तीन तासांत आईची ऊब नसते, चाटणं नसतं. तुमचं लेकरू आजीच्या मांडीवर असतं.