विरजणातील जिवाणूंची कुळे

आज रात्री आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोमट दुधात चमचाभर विरजण घातले जाईल. त्या चमच्यात एकच एक जिवाणू नसून अनेक वाणांचा मेळा असतो, आणि शेजारच्यांचे दही आपल्यापेक्षा आंबट का होते याचे उत्तर जेवढे पुण्याच्या हवेत, तेवढेच त्या मेळ्यात कोण कोण आहे यात दडलेले असते.

या जिवाणूंना ओळखण्याची नेटकी चौकट डेन्मार्कचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ओर्ला-येन्सन यांनी १९१९ मध्ये मांडली. आकार गोल की दांडीसारखा, वाढ कोणत्या तापमानाला होते, कोणती साखर आंबवली जाते आणि आंबवताना वायू सुटतो का, असे त्यांचे प्रश्न होते. दुग्धव्यवसायाला ते सोयीचे होते. नात्यागोत्याचा निवाडा करायला मात्र अपुरे. ताकातील लॅक्टोकॉकस लॅक्टिस १९८५ पर्यंत स्ट्रेप्टोकॉकस वंशात, म्हणजे घशाच्या रोगजंतूंच्या पंगतीत बसवलेला होता. दह्यातील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस तर आजही त्याच पंगतीत आहे, आणि जनुकांची साक्ष काढली तर ते योग्यच आहे. २००४ मध्ये त्याचा सुमारे १८ लाख अक्षरांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळपास १० टक्के जनुके निकामी झालेली आढळली. दुधाच्या भरल्या ताटावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या या जिवाणूची इतर साखरा पचवण्याची आणि रोग घडवण्याची बरीचशी हत्यारे गंजून गेली होती.

दांडीसारख्या जिवाणूंच्या लॅक्टोबॅसिलस वंशाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. आडनाव एक आणि घराणी अनेक. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन व सायटोसिन या दोघांचे प्रमाण कोणात ३५ टक्क्यांच्या आसपास, तर कोणात ५० टक्क्यांच्या. एका वंशात इतकी तफावत खपत नाही. अखेर २०२० मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेवरून त्यातील २६१ जातींची २५ वंशांत वाटणी झाली. दह्यातील बल्गेरिकस जुन्याच घरात राहिला, केसी मात्र लॅक्टिकेसीबॅसिलस झाला आणि प्लांटॅरम लॅक्टिप्लांटिबॅसिलस. ही नावे उच्चारताना माझीही जीभ अडखळते, पण वाटणी रास्त आहे.

तरीही डेअरीला हवा असतो तो वंश नव्हे, जातही नव्हे, तर वाण. शेतकरी ज्वारीचा म्हणतो त्याच अर्थाने. लॅक्टोकॉकसमध्ये दुधातील साखर पचवण्याची आणि केसीन हे दुधातले प्रथिन फोडण्याची जनुके बहुधा मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यांवर असतात, आणि कडे हरवले की नाव तेच राहूनही जिवाणू दुधात रेंगाळतो. विषाणूंपासून बचावाचेही तसेच आहे. पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे थर्मोफिलस आपल्या जनुकसंचात जपतो आणि त्यांच्या आधारे पुढचा हल्ला परतवतो, हे २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. हे तुकडे वाणागणिक वेगळे असतात. त्यामुळे एकाच जातीच्या दोन वाणांपैकी एकाच्या टाकीत दही लागते, तर दुसऱ्याच्या टाकीतील दूध तसेच राहू शकते. म्हणूनच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातून विरजणाचा जिवाणू मागवताना नुसते लॅटिन नाव पुरत नाही. सोबत वाणाचा क्रमांक लिहावा लागतो.