ऑनलाइन मीटिंग कुणाला आवडते?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑनलाइन मीटिंग फसली की पहिलं खापर नेटवर्कवर फुटतं. पण आवाज स्वच्छ असतानाही तीच मीटिंग एकाला उत्तम वाटते आणि दुसऱ्याला वेळ फुकट गेल्यासारखी. यात स्वभावाचा भाग असतोच, पण मला वाटतं, त्याहून मोठा वाटा त्या गटाच्या सवयींचा असतो.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. दहा भाषांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यातला हा आकडा. व्हिडिओ कॉलवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ही लय बिघडते. दोघं एकदमच तोंड उघडतात. "बोला ना", "नाही, तुम्ही बोला". मग धीट माणूस बोलत राहतो आणि भिडस्त माणूस गुपचूप माइक बंद करतो. त्याच्याकडे मुद्दा होता, हे कुणाला कळतही नाही.

डील आणि श्ट्रोब या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसली तर जास्त कल्पना निघतात. मुख्य अडथळा असतो आपल्या पाळीची वाट पाहण्याचा. तरीही गटातल्यांना आपलं काम फार छान झालं असंच वाटत असतं! म्हणून 'मीटिंग मस्त झाली' या शेऱ्यावर मी सहजी विश्वास ठेवत नाही.

त्याच दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठात संगणकांच्या खास सभाखोल्या उभ्या राहिल्या. सगळ्यांनी एकाच वेळी टाइप करायचं, आणि कुठलं मत कुणाचं हे झाकून ठेवता यायचं. बुजऱ्या माणसाला यात मोकळीक मिळते. बोलून छाप पाडणाऱ्याला मात्र ही पद्धत रुचेलच असं नाही, आणि त्याची नाराजीही समजून घ्यायला हवी.

मीटिंग चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विषय आदल्या दिवशी कळवा. गप्प माणसाचं अचानक नाव घेऊन त्याला कानकोंडं करू नका. प्रश्न मांडलात की दोन मिनिटं सगळ्यांना चॅटमध्ये लिहू द्या आणि मगच चर्चा सुरू करा. तुम्ही वरिष्ठ असाल, तर आपलं मत सगळ्यात शेवटी सांगा. ते आधी आलं, की बाकीची मतं त्याच्याच अवतीभोवती फिरू लागतात.